साठावी फरशी

ग्रोनिंगेनच्या एका अरुंद गल्लीत
हिल्त्ये पहारीने अंगणातल्या फरश्या उचकटते.
शनिवारी नगरपालिकेचा ट्रक येतो:
फरशी द्या, रोप घ्या.

खालची माती चपटी, फिकी,
प्लास्टर काढलेल्या पायासारखी.
एक गांडूळ. इतकी वर्षं
काय खाऊन राहिलं कुणास ठाऊक.

शेजारचा तुंजाय मोजतो, एकोणसाठ.
साठावीवर तेलाचा डाग.
वीबेची गळकी गाडी इथंच असायची
आणि तिच्याखाली तो,
नुसते बूट दिसायचे.

ट्रकवाला विचारतो, हीपण?
ती नाही म्हणते.
मग हो.
मग फरशी पालथी घालून
रोपाशेजारी ठेवते,
पाणी घालताना उभं राहायला.

रात्रभर पाऊस.
सकाळी तुंजाय गटाराच्या जाळीला कान लावतो:
काहीच ऐकू येत नाही.