बारा पावलं

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी
आशाताई बेबीनंदा एक बाटली देऊन गेली,
खोकल्याच्या औषधाएवढी.
रेघेपर्यंत भरा, झाकण घट्ट लावा,
उबेत ठेवा.
मी ती गव्हाच्या कोठीत खुपसली,
लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून,
सीताफळं पिकायला ठेवतात तशी.

मामाजी हसले.
"माह्या बापानं खंदली हे विहीर.
चाळीस हात, मुरूम फोडून.
उन्हायात अर्धं गाव येते इथंच.
आजलोक कोणाले काई झालं नाई."

धाकट्याला झालं होतं. दोनदा, आषाढात.
दारव्ह्याला नेऊन सलाईन लावलं.
तेव्हा आम्ही दोष भज्यांना दिला.

दुसऱ्या दिवशी कोठीत हात घातला.
बाटली निघाली काळी,
करपल्या कढईची काळी.

बेबीनंदा काही बोलली नाही.
विहिरीच्या काठापासून चालू लागली,
पावलं मोजत,
अंबाडीच्या ओळीतून, म्हशीच्या खुंट्यावरून,
आणि बाराव्या पावलाला थांबली
आमच्या नव्या संडासाच्या खड्ड्यापाशी.
दारावर माझं नाव आहे, निळ्या रंगात.
अनुदान माझ्या नावानं आलं होतं,
पेंटर मामाजींनीच बोलावला होता.

मामाजींनी पुन्हा मोजलं.
लहान लहान पावलं टाकून मोजलं.
तरी सतराच्या वर गेलं नाही.

संध्याकाळी बादलीत पावडर कालवली,
चुना खाली बसू दिला,
वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन
दोरानं आत सोडलं,
खाली-वर, खाली-वर,
हंडा विसळावा तसं.
रात्रभर कोणी पाणी काढलं नाही.
सकाळी चहाला दवाखान्याचा वास.
मामाजींनी कप सरकवला.
"चव गेली."

आता उकळून घेते. सरपण दुप्पट लागतं.
खड्डा हलवायचं कापूस निघाल्यावर बघू,
असं ठरलं.
म्हणजे ठरलं नाही.

काल दुसरी बाटली ठेवली.
रात्री खुडबुड झाली, उंदीर म्हणून उठले,
तर मामाजी,
हातात टॉर्च, कोपरापर्यंत गव्हात.
बाटली उजेडासमोर धरून उभे.
"आतालोक त पिवयीच हाय," म्हणाले,
माझ्याकडे न बघता.
मग लुगड्यात गुंडाळून ठेवली परत,
पोराचं पांघरूण सारखं करावं तशी,
आणि कोठीचं झाकण लावलं
आवाज न करता.