दुर्बीणचा थांबा

बाबालालचाचाच्या कुत्रीचं नाव दुर्बीण.
लोक हसायचे. चाचा म्हणायचा,
डोळ्यांनी बघायला माणसं हायतच की,
ही नाकानं लांबचं बघती.
पांढरी. कानांवर जुन्या तांब्याचा रंग.
झोपेतसुद्धा एक पाय दुमडलेला.

चाचाचा बाप कुणा सरदारांच्या कुत्तेखान्यात होता.
तिथून घरात दोनच गोष्टी आल्या:
एक पितळी शिट्टी,
आणि 'होल्ड' हा शब्द, जो चाचा 'हुल्ड' म्हणायचा,
आणि दुर्बीणला 'हुल्ड'च कळायचं.

बंदुका गेल्या. कायदा झाला, बरं झालं,
हे चाचाच म्हणायचा.
आता नुसती स्पर्धा. कुत्र्यानं माग काढायचा, थांबायचं,
मालकानं पाखरू उठवायचं,
हवेत एक फुसका बार,
पाखरू आपल्या वाटेनं, कुत्रं आपल्या जागेवर.
कागलच्या पलीकडचा माळ, पौषातली सकाळ,
गुण लिहायला तीन साहेब, प्लास्टिकच्या खुर्च्या.
मी बारा वर्षांचा, चड्डीभर कुसळं,
पाण्याची किटली माझ्याकडं.

सुटली.
वाऱ्याला तोंड देऊन डावीकडनं उजवीकडं,
उजवीकडनं डावीकडं,
सुतारानं रंधा मारावा तसा माळ तासत.
बेळगावचा तांबडा सेटर दगड दिसंल तिथं पाय वर करत होता,
पुण्याच्या दोघांची आपसांतच जुंपली होती.
आणि बांधाजवळ, घायपाताच्या ओळीपाशी,
दुर्बीण पळता पळता
थांबली.

थांबली म्हणजे कशी सांगू.
शिरोलीच्या फौंड्रीत मी आता रोज बघतो,
वितळलेलं लोखंड साच्यात उतरतं
आणि एका क्षणाला ते वाहणारं राहत नाही.
तशी.
शेपूट सरळ. डावा पाय पोटाशी.
ओठाची एक कड तेवढी थरथरत होती.

चाचा पुढं गेला. झुडूप हलवलं. काठीनं गवत बडवलं.
काही नाही.
पुन्हा. काही नाही.
एक साहेब घड्याळ बघून मिशीतल्या मिशीत हसले,
वहीत लिहिलं: खोटा थांबा. बाद.
चाचानं शिट्टी फुंकली. ती हलली नाही.

भोंग्यावरनं जेवणाची हाक आली.
माणसं गेली, कुत्री गेली, खुर्च्यांवर टोप्या राहिल्या.
ऊन चढलं.
मी म्हटलं, चाचा, उचलून न्यायची का?
तो बोलला नाही. गुडघ्यांवर बसला,
मग हातांवर,
तिच्या नाकाच्या उंचीला आपलं नाक आणलं
आणि ती बघत होती तिकडं बघितलं.

वाळक्या पानाखाली, वीतभर आत,
मातीच्याच रंगाची
लावी.
सगळी मिटलेली, फक्त डोळा उघडा.
छातीखालनं एका अंड्याची
सायीच्या रंगाची कड.

अंड्यांवर बसलेल्या पाखराला वास नसतो,
असं चाचाचा बाप सांगायचा.
असलाच तर कवडीएवढा.

मी साहेबांकडं धावणार होतो.
चाचानं मागनं सदरा धरला.
"गप. शंभर पाय येतील हितं."
मग दुर्बीणच्या छातीखाली हात घालून
तिला उचललं, उलट्या पावलांनी बाहेर आला.
बांध संपेपर्यंत
तिचा पाय दुमडलेलाच.

मांडवात रस्सा गार झाला होता.
कुणीतरी म्हणालं, चाचा, नाव बदला आता,
चष्मा ठेवा.
सगळे हसले. चाचा पण.
भाकरीचा मऊ पापुद्रा तिला दिला,
कडा आपण खाल्ल्या.

परतताना लूनावर ती पुढं पायांशी, मी मागं.
कणेरीच्या चढाला इंजिन धापा टाकायला लागलं,
तेव्हा चाचा एकदम म्हणाला,
माझ्याशी नव्हे, रस्त्याशी,
"कवडीएवढा वास.
आन् हिनं, पळता पळता..."

पुढं ट्रक आला. त्यानं हॉर्न दिला.
वाक्य तिथंच राहिलं.