ओव्हरसियर थळकर

रस्तारुंदीच्या तक्त्यात एक रकाना असतो : वास्तुकार.
मी ‘अज्ञात’ लिहिते आणि पुढच्या इमारतीकडे वळते.
आज सोलापूर रस्त्यावरच्या जुन्या दवाखान्याची
पन्हळ मोजताना शिशाच्या पत्र्यावर
खिळ्यानं कोरलेलं दिसलं :
हसाजी एलोजी थळकर, ओव्हरसियर, १८७९. गळणार नाही.

गळत नाही, खरंच.

मग दप्तरखान्यात बसले त्याला शोधत.
थळच्या शनवार तेल्याचा नातू,
पुण्यात येऊन आधी साखळी धरायला शिकला, मग लेव्हल, मग कमान.
घोड्याचा भत्ता घ्यायचा, घोडा कधी घेतला नाही,
जुन्नरची कचेरी, शिरूरची धर्मशाळा पायीच उभी केली.
हडपसरचा दगड अंगठीनं वाजवून बघायचा,
बद्द बोलला की गाडी परत.
शनिवारी हजेरीवर आडवी रेघ, पगारात कात्री.
तीस वर्षं.

नकाशे त्याच्या हातचे. सही साहेबाची.
विलायतेच्या वहीतलं उभट छप्पर आलं खडकीच्या चर्चसाठी,
बर्फ घसरावा म्हणून.
समासात पेन्सिलीनं थळकर : येथे बर्फ पडत नाही. माकडे पडतात.
साहेबानं ते वाक्य खोडलं.
छप्पर आहे अजून. माकडंही.

सत्त्याण्णव साली, पेन्शनीला अकरा महिने उरले असताना
हुकूम आला : संगमापलीकडे प्लेगच्या झोपड्या,
बांबू, चटया, गवत,
काम संपताच जाळून टाकणे.

दगडाइतक्याच सावकाश काढल्यात त्यानं त्या.
वाऱ्याला बाण. दाराला उंबरा नाही, झोळी अडखळू नये.
दर खाटेमागं हातभर खिडकी.
खिडकी कशासाठी, कुणीतरी लाल शाईत विचारलंय.
खाली त्याचं बारीक अक्षर :
पडल्यापडल्या झाड दिसावे.

त्याच पुडक्यात आजाऱ्यांची यादी.
रांग तिसरी, खाट नववी : मलका हसाजी थळकर, वय ४३.
पुढचं पान उंदरांनी खाल्लंय.

सहापर्यंत तक्ता द्यायचाय.
रकाना अरुंद, नाव जेमतेम बसतं,
‘एलोजी’ मी समासात सरकवते, पेन्सिलीनं.
शेजारच्या रकान्यात पाडण्याची तारीख
आधीच छापून आली आहे.