चिमूट

मंगळवारी माझा खाडा.
मुकादम वहीत फुली मारतो, वर बघत नाही.
लातूरच्या एमआयडीसीत, डाळ मिलमध्ये
मी खडे वेचते तुरीतून.
दिवसात किती वेचले, कुणी मोजत नाही.
सुटलेला एक मात्र मोजतात.
खाडा आणि खडा, एका कान्याचा फरक,
पगार दोन्हींत कापतात.

ईश्वरी एकोणीस महिन्यांची.
बसवली की कलंडते, नेहमी डावीकडे.
मुठी मिटलेल्या, अंगठा आत,
जसं कुणी काही सांभाळायला दिलं
आणि परत मागायला आलंच नाही.

सासूबाई म्हणाल्या, हिचा बापबी उशिरा चालला,
उगं गडबड करू नकोस.
आत्याबाई औशाहून आल्या, म्हणाल्या,
ग्रहणात कमरेइतकी वाळूत उभी कर.
शेजारीण काहीच बोलली नाही.
फक्त आपलं सात महिन्यांचं लेकरू
माझ्यासमोर बसवायचं तिनं बंद केलं.
ते जास्त लागलं.

अंगणवाडीच्या महानंदाताईंनी वजन करताना
किल्ल्यांचा जुडगा वाजवला तिच्या कानामागं.
मान वळली.
हातात दिला, तर मूठ उघडली नाही.
म्हणाल्या, दैवशाला, आता थांबायचं नाही.
चिठ्ठीवर लिहिलं: शीघ्र हस्तक्षेप केंद्र.

हस्तक्षेप म्हणजे मला भांडणच वाटलं.
रिक्षात बसून मी उत्तरं तयार केली,
पोटुशी असताना काय खाल्लं, कुठं घसरले,
कुणाच्या तोंडून काय ऐकलं.
तसलं कुणी विचारलंच नाही.
नसरीन मॅडम चटईवर मांडी घालून बसल्या,
म्हणाल्या, हिला काय आवडतं?

एकोणीस महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदा.
मला पटकन सांगता येईना.
मग आठवलं.
कुकरची शिट्टी.

मूठ ओढायची नाही, त्या म्हणाल्या,
अंगठ्याच्या बुडाशी हळू चोळायचं,
तिची तिला उघडू द्यायची.
मिलमधून मी एक पोतं मागून आणलं,
तुरीची फोलपटं भरली, तोंड शिवलं,
गोल वळवलं.
रोपाला आळं करतात तसं तिच्याभोवती.
त्यात ती बसते.
अंबादास टेम्पो लावून येतो,
हातपाय न धुता आकडे मोजतो मोठ्यानं.
सहा. सहा. नऊ.
एकदा चौदा, मग पुन्हा सहा.

ताटलीत मुरमुरे, रोज, संध्याकाळी.
ती पंज्यानं ओढते, सांडते, चुरडते.
एका रात्री मीच ताटली भिरकावली.
मुरमुरे घरभर, फोटोंच्या मागं, चपलांत.
तिला वाटलं, खेळ.
हसली.
मी कोपऱ्यात बसून एकेक वेचत राहिले,
हात थांबत नाहीत माझे, सवयच ती,
आणि ती बघत होती
माझी दोन बोटं.

सव्वीस मंगळवार. सव्वीस फुल्या.

परवा घरची डाळ निवडत होते,
ती समोर आळ्यात, थोडी वाकडी.
हात सुपात आला.
अंगठा बाहेर आला,
आणि एक बोट, लाजत, कुणाच्या दारात उभं राहिल्यागत,
त्याला भेटायला गेलं.
मी श्वास घेतला नाही.
उचललं तिनं.
बघते तर खडा.
तुरीच्याच रंगाचा,
माझ्या नजरेतून सुटलेला.

तोंडात गेलासुद्धा.
मी ओरडले, हसले, बोटं घालून
जिभेवरून काढून घेतला.
ती रडली,
हिसकावून घेतल्यावर रडतात तशी,
जोरात, हक्कानं.

मॅडमनी कार्डावर लिहिलं, चिमूट: एक वेळा.
पुढं चालेल का, बोलेल का,
मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.
पुढच्या मंगळवारी या, म्हणाल्या, येताना वाटी-चमचा आणा.

खडा पदराच्या गाठीत आहे.
मुकादमाला दाखवणार नाही.