हार्डनर

केर्तू, डबे दोन असतात.
मोठा रेझिनचा. मधासारखा संथ,
थंडीत तर मेणासारखा बसून राहतो.
धाकटा हार्डनरचा. त्याला वास आहे,
शिळ्या मासळीचा, थोडा नवसागराचा.
पहिल्या दिवशी मला वाटलं, बाबाच आले मागून
जाळ्यांसकट, फ्लाउंडरच्या टोपल्यांसकट.
मी वळून पाहिलंसुद्धा.

अकरा वर्षं या शेडमध्ये होड्या बांधल्या.
काचेचं कापड अंथरायचं, ब्रशने पाजायचं,
रोलरने बुडबुडे हुसकायचे.
हात चिकट झाले की अ‍ॅसिटोनने धुवायचे.
सगळेच धूत. हेल्दूर मुकादम म्हणायचा,
अंगवळणी पडतं गं सगळं.

अंगवळणी नाही पडलं.
बाराव्या वर्षी, एका साध्या मंगळवारी,
बोटांच्या बेचक्यांत चार पुरळ.
मग मनगट. मग पापण्या सुजून डोळेच मिटले,
आणि पापण्यांना तर मी कधी रेझिन लावलं नव्हतं.

कुरेसारेच्या डॉक्टरीणबाईंना हात दाखवला
आणि झालं अवलक्षण.
पाठीवर पट्ट्या, दोन दिवसांनी काढल्या,
एका चौकोनाखाली लालभडक.
म्हणाल्या, तुमच्या कातडीने याला ओळखून ठेवलंय.
आता ती विसरणार नाही.

मी शाळेतले पाढे विसरले, बाई,
पहिल्या नवऱ्याचा वाढदिवस विसरले.
कातडीच एवढी हुशार कशी निघाली?

नीट घट्ट झालं की काही करत नाही ते.
ही समोरची होडी मी गालाला लावीन.
ओलं असतं ते वाईट, अर्धं वाळलेलं,
आणि घासताना उडते ती धूळ.

आता मी पावत्या लिहिते.
माझा योसेप लॅमिनेशनवर आहे.
संध्याकाळी साउनाच्या खोलीत कपडे उतरवतो,
वेगळी बादली, वेगळा साबण,
मगच घरात येतो.
एकदाच विसरला. शेडमधून तसाच धावत आला,
आई, मुलगी झाली,
आणि मिठी.
मी सोडवून घेतली नाही.
आठ दिवस मान जळत होती.

हात दिसतील असे धर.
लॅटेक्सचे नकोत, ते नायट्राइलचे घे.
फाटायची वाट बघू नकोस,
घड्याळ बघ आणि बदल.
साबण निळ्या वाटीत आहे.
अ‍ॅसिटोनची बाटली मी लपवलीये,
कुठे ते विचारू नकोस.

वास आला ना?
मला अजून आवडतो.
म्हणून तर एवढं सगळं
दाराबाहेर उभी राहून सांगतेय.