टॅपेट कव्हर

इनास पदेराच्या पावाला ऑइलचा वास येतो
हे पहिल्यांदा सुलक्षा टीचर म्हणाल्या,
मग बाजारातली दोन हॉटेलं,
मग त्याची बायको.
तेव्हा कुठे तो व्हॅन घेऊन आला.

मडगावात कुणी सांगितलेलं, इंजिन बांधायला आलंय.
रिंगा, पिस्टन, सगळंच. पस्तीस हजार.
मेलेल्याचं वय सांगावं
तसा तो आकडा सांगत होता.

मी विचारलं, धूर सायलेन्सरातून की सीटखालून?
सीटखालून. चढावावर थांबलो की जास्त.
मग अजून कुणी मेलेलं नाही, म्हटलं. बस.

सीट उलटली.
खाणीची लाल माती ऑइलात कालवून
बोटभर थापलेली.
खाणी थांबल्या तरी कुडचड्यातून धूळ गेली नाही,
मीही गेलो नाही.
दहाचाकी ट्रकांचे गिअरबॉक्स उतरवणारे हात
आता पावाच्या व्हॅनी बघतात.

केरोसीन, ब्रश, फडकं. अर्धा तास नुसती आंघोळ.
मग साईशला म्हटलं, घरून पावडर आण.
कसली?
तोंडाला लावतात ती.
तो आईचा गुलाबी डबा शर्टात लपवून घेऊन आला.
इंजिनावर शिंपडली, स्टार्टर मारला,
आणि आम्ही तिघे ओणवे होऊन बघत राहिलो,
पाळण्यात बघतात तसे.

सात मिनिटं काहीच नाही.
मग टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात
पावडरीवर एक करडी रेघ उमटली,
जरा थांबली,
आणि उतरली तापल्या मॅनिफोल्डवर.
चुर्र.
“सायबा, होच!” इनास नाक धरून म्हणाला.

दहाच्या पान्याने बोल्ट सोडले.
एक मरणाचा घट्ट.
गळती थांबेना म्हणून आधीच्या कुणी रागाने आवळलेला,
आणि नेमका तिथेच कव्हरचा काठ वाकलेला.
पॅकिंग तुकड्या-तुकड्यांनी निघालं.
रबर कसलं,
बरणीत विसरलेली सोलं:
काळी, कडक, वाकवली की कट्कन मोडणारी.

खाली रॉकर ओळीने बसलेले
मधाच्या रंगाच्या ऑइलात,
ज्यांना पस्तीस हजारांचं काही कळलंच नव्हतं.

साईश स्क्रूड्रायव्हर घेऊन खरवडायला निघाला.
मनगट धरलं त्याचं.
ॲल्युमिनियम आहे. चरा पडला की जन्मभर गळेल.
कुंपणाच्या बांबूची चिप तासून दिली,
म्हटलं, जेवायची सुट्टी होईतो हेच कर.
वाकलेला काठ लाकडी ठोकळ्यावर ठोकला, हलके,
मग आरशाच्या काचेवर पालथा ठेवून
खालून उजेड दिसतो का बघितलं.
दिसत होता. परत ठोकला.

नवं पॅकिंग तीनशे वीस रुपयांचं,
मऊ, हातात घेतलं की लोंबणारं.
कोपऱ्यांना सिलिकॉनचे ठिपके. ठिपकेच.
बोल्ट आधी बोटांनी, मग पान्याने,
एक इकडचा, एक तिकडचा,
मनगटाच्या जोराने, खांद्याच्या नाही.
अजून थोडा? साईशने विचारलं.
नको.
थोडासाच?
पान्यावरून हात काढ.

रात्री व्हॅनखाली बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा पसरून ठेवला.
पहाटे साडेतीनला इनास टॉर्च घेऊन हजर,
भट्टी पेटवून, अंगाला पीठ,
थेट जमिनीवर आडवा झाला.
पुठ्ठ्यावर मांजराचं एक पाऊल
आणि बिस्किटांच्या कंपनीचं नाव.
बाकी कोरडं.

बिलात साईशने शेवटी लिहिलं होतं:
पावडर, आईची, चाळीस.
इनासने तेही दिले,
वर सहा गरम पोया.
खाण्याआधी मी एक नाकाशी धरली.
कोंडा आणि धूर, लाकडाचा.

सुलक्षा टीचर मात्र म्हणतात,
अजून येतो थोडा.