पाण्यात पाहताना

दिवसभर मी लोकांचं पाणी कमी करतो.
महापालिकेनं दिलेली चकती, नखाएवढी,
मीटरच्या गळ्यात बसवतो, आट्यांना टेप गुंडाळतो
आणि कागदावर सही मागतो.
ॲथलोनच्या या गल्लीत सही कुणी देत नाही.
मिसेस यार्डिन दारातच उभ्या राहतात,
हातात रिकामी किटली,
आणि मला पाण्यात पाहतात.
त्यांचं चूक नाही. घरात नऊ माणसं.
केपटाऊनला पाऊस पडून किती दिवस झाले
ते त्या किटलीला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

रात्री मग मी स्वतःच एक गळती तयार करतो.

पडद्याच्या दांडीला दुधाची प्लास्टिकची बाटली,
बुडाला भोक, भोकात जुना पितळी कॉक.
खाली काळा ट्रे. गदिजा ईदला त्यात बिस्किटं भाजते,
म्हणून तिला न विचारता घेतलेला.
पाणी एक लिटर. तेवढंच.
कालच्या आंघोळीच्या बादलीतलं, फडक्यातून गाळलेलं,
साबणाचा अंश असलेलं.

थेंब पडतो त्या जागी आधी एक स्क्रू उभा केला,
त्याच्या आट्या लख्ख दिसेपर्यंत लेन्स फिरवली,
मग स्क्रू काढून घेतला.
आता कॅमेरा अगदी नेमकं पाहतोय
जिथे काहीच नाही तिथे.

दिवा बंद.
इल्हाम म्हणते, "आता!"
आणि तिचं "आता" दर वेळी
तिच्या तोंडून निघेपर्यंत होऊन गेलेलं असतं.
पहिल्या चाळीस फोटोंत नुसता ट्रे.
एकेचाळिसाव्यात थेंब अजून वरच, कॉकला लोंबत,
जावं की न जावं अशा बेतात.
बेचाळिसाव्यात सगळं आटोपलेलं,
फक्त एक वर्तुळ, ट्रेच्या काठाकडे निघालेलं.

तीस वर्षं पाण्यात काढली.
दाब, उतार, गंज, कुठल्या भिंतीत कुठला पाइप कुजतो,
सगळं हाताला पाठ.
पण पडलेलं पाणी परत उठतं
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
थेंब पडतो, खळगा होतो,
आणि खळग्यातून एक बारीक खांब वर येतो
डोक्यावर थेंब घेऊन.
"तोच का, पप्पा?" इल्हाम विचारते.
मला नाही सांगता येत.
मी फ्लॅश थोडा डावीकडे सरकवतो.

साडेअकराला गदिजा आली. ट्रे पाहिला. मला पाहिलं.
ओट्यावरचे शिंतोडे फडक्यानं टिपले,
फडकं बादलीत पिळलं.
"किती वाया गेलं?"
मापाच्या भांड्यात ओतलं: नऊशे चाळीस.
साठ मिली कमी.
काही भिंतीवर, काही माझ्या चष्म्यावर,
थोडं इल्हामच्या केसांत,
बाकीचं कुठे गेलं ते प्लंबरनं विचारू नये.
उरलेलं संडासाच्या टाकीत.

एकशे अठ्ठ्याऐंशीवा फोटो मी दुसऱ्या दिवशी पाहिला, व्हॅनमध्ये.
खांब थोडा वाकडा. थेंब मात्र गोल, सुटता सुटता राहिलेला.
ट्रेच्या मागे पांढरं काहीतरी हवं म्हणून
मी महापालिकेची नोटीस चिकटवली होती,
माणशी पन्नास लिटर, वगैरे.
ती सगळीच्या सगळी थेंबात उतरलेली,
उलटी.
शून्य आधी, पाच डोक्यावर उभा,
आणि खालचा शिक्का आता वर, आभाळात.

मिसेस यार्डिनकडे परत जायचं होतं, सही राहिलेली.
कागदाऐवजी चुकून, की मुद्दाम, फोनच पुढे केला.
त्यांनी किटली दुसऱ्या हातात घेतली.
फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.
बराच वेळ पाण्यात पाहिलं.

सही काही दिली नाही.